बेचाळीसचें साल आणि दहा मिनिटांचा चित्रपट

गणेशोत्सवाचीं मंडळें, महाविद्यालयें आणि सार्वजनिक वाचनालयें पूर्वी वक्तृत्वाच्या आणि एकांकिकांच्या स्पर्धा भरवीत. आतां त्यांच्या जोडीला लघुचित्रपटांची स्पर्धा आली आहे. ज्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत असा एखादा अर्ज केव्हां ना केव्हां येतोच. त्यावर चित्रपटाची लांबी लिहिलेली असते, दहा मिनिटें किंवा पंधरा मिनिटें. शेवटची तारीख असते. आणि पुष्कळदां विषयहि ठरवून दिलेला असतो, तो म्हणजे आपल्या भागाच्या इतिहासांतील एखादा खळबळीचा काळ. मुलें लगेच कॅमेऱ्याच्या गोष्टी बोलूं लागतात. वडील मंडळी ‘अभ्यास सांभाळून काय तें करा’ असें म्हणून मोकळी होतात. श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें या दोहोंच्या मध्यें जें राहून जातें त्याविषयीं. कॅमेरा कसा धरावा हें मुलांना आपल्यापेक्षां अधिक चांगलें कळतें. तो विषय मी त्यांच्यावर सोपवितों. इतिहास दहा मिनिटांत कसा धरावा, हा प्रश्न मात्र घरांतल्या सर्वांनीं मिळून विचार करावा असा आहे. त्यासाठीं मी कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे घाटाखालचे दोन तालुके घेतों.

या दोन तालुक्यांच्या वाट्याला खळबळीचे काळ थोडे आले नाहींत. खालापूर तालुक्यांत चावणी गांवाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानाची मोंगली फौज त्या अरुंद वाटेंत कोंडली आणि तिला शरण यावयास लावलें. विषय मोठा आहे, आणि म्हणूनच दहा मिनिटांच्या चित्रपटानें त्याला हात घालूं नये असें माझें मत आहे. फौज दाखवावयाची तर माणसें पाहिजेत, घोडे पाहिजेत, हत्यारें पाहिजेत. याच भागांत नितीन देसाई यांनीं २००५ सालीं स्टुडिओ उभारला आणि तेथें लांकडा-प्लास्टरचे किल्ले व दरबार उभे केले; परंतु तें काम शेंकडों कारागिरांचें होतें. ज्या मंडळाची वर्गणी हजारांत मोजावी लागते, त्यानें भाड्याच्या पोषाखांत बारा मावळे उभे केले म्हणजे प्रेक्षकाला मावळे दिसत नाहींत, शेजारचा बंडू दिसतो.

त्या मानानें १९४२ चें साल जवळचें आहे. त्या वेळचीं घरें, विहिरी, रेल्वेचीं स्टेशनें आणि डोंगरांतल्या वाटा यांपैकीं पुष्कळ गोष्टी अजून जागेवर आहेत. आणि त्या सालची एक कथा अशी आहे कीं जी दुसऱ्या कोठेंहि घडणें शक्य नव्हतें. ती याच दोन तालुक्यांच्या भूगोलांतून निघाली.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्रीं मुंबईस गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीं पहाटेच गांधीजींसह सर्व पुढाऱ्यांना पकडण्यांत आलें. पुढारी तुरुंगांत गेल्यावर चळवळ जागोजागच्या लहान माणसांच्या हातीं आली. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजीं जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे अशांपैकीं एक. नाभिक कुटुंबांत जन्मलेला हा मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, आणि लोक त्याला ‘भाई’ म्हणूं लागले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढणें, सावकाराच्या दारीं जावें लागूं नये म्हणून धान्याच्या कोठ्या उभारणें, हें त्यांचें बेचाळीसपूर्वीचें काम. ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले आणि त्यांनीं ‘आझाद दस्ता’ उभा केला. या दस्त्यानें सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत मुंबईकडे वीज नेणारे अकरा मनोरे पाडले.

मनोरेच कां? येथें थोडें थांबलें पाहिजे, कारण कथेचें मर्म यांत आहे आणि मीं पाहिलेल्या बहुतेक चित्रांत नेमकें हेंच सांगितलेलें नसतें. नायक रात्रीं जातो, खांब पडतो, ठिणग्या उडतात, आणि प्रेक्षकाला वाटतें कीं गांवांतले दिवे गेले. वस्तुतः गांवांत दिवे नव्हतेच. लोणावळ्याच्या बाजूस घाटमाथ्यावर पावसाचें पाणी तलावांत अडवून तें नळांवाटे सुमारें १,७०० फुटांहून अधिक खोल खोपोलीला सोडावयाचें आणि त्या जोरावर वीज काढावयाची, ही टाटांची योजना १९१५ सालीं सुरू झाली. खोपोली खालापूर तालुक्यांत येते. पुढें १९२२ मध्यें आंध्रा खोऱ्याच्या पाण्यावर चालणारें दुसरें वीजघर भिवपुरीला निघालें. तें कर्जत तालुक्यांत आहे. या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालत, आणि युद्धाच्या दिवसांत गिरण्या म्हणजे लष्कराचें कापड. म्हणजे पाणी सह्याद्रीचें, वीजघरें या तालुक्यांतलीं, तारा इथल्याच भातखाचरांवरून गेलेल्या, आणि त्यांच्याखालीं राहणाऱ्याच्या झोंपडींत रॉकेलची चिमणी. दस्त्यांतील माणसांना हे मनोरे लहानपणापासून रोज दिसत होते. साम्राज्याची शीर आपल्या शेतांतून जाते हें ज्याला कळलें, त्याला पुढचा विचार कोणी शिकवावा लागला नाहीं.

आतां चित्रपट करणाऱ्या मुलांना मी विचारतों: ही एकच गोष्ट दहा मिनिटांत दाखविलीत तर? एक माणूस, एक मनोरा, एक चिमणी. मोठें भाषण नको, झेंडा नको. दूर क्षितिजावर मुंबईच्या बाजूस उजेड असावा आणि इकडे अंधार असावा. मात्र तेथेंहि युद्धामुळें दिव्यांवर निर्बंध होते, हें विसरून चालणार नाहीं. उजेड फार दाखवाल तर तीहि चूक होईल.

या कथेचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. दस्ता पुढें सिद्धगडाच्या रानांत जाऊन राहिला. हा गड ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिस अधिकारी हॉल याच्या तुकडीनें तेथें छापा घातला. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल हे दोघे तेथें मारले गेले. कोतवाल तेव्हां अवघे तीस वर्षांचे होते. या विषयावर ‘शहीद भाई कोतवाल’ हा पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट २०२० च्या जानेवारींत येऊन गेला आहे. तेव्हां ती सबंध जीवनकथा पुन्हां दहा मिनिटांत कोंबण्यांत स्पर्धकाचा कांहीं लाभ नाहीं. परीक्षक मनांतल्या मनांत तुलना करणारच.

इतिहासावरील चित्रपटाला तीन प्रकारची सामग्री लागते, आणि या तिन्हींची सरमिसळ हा अशा चित्रांतला मोठा दोष असतो. पहिली, कागदोपत्रीं नोंदलेली गोष्ट. दुसरी, लोक सांगत आलेले आहेत ती. तिसरी, आपण कल्पिलेली. छाप्याची तारीख आणि मेलेल्यांचीं नांवें ही पहिली सामग्री. कोतवाल जखमी होऊन पडले असतां त्यांना जवळून गोळी घालण्यांत आली, असें या भागांत सांगतात, ही दुसरी. आणि मरतांना ते अमुक शब्द बोलले, हें जर तुमच्या लेखकानें लिहिलें असेल, तर ती तिसरी. कल्पना करूं नये असें मी म्हणत नाहीं. कल्पनेवांचून नाट्य कसें होणार? परंतु मेलेला माणूस उठून ‘हें मी बोललों नव्हतों’ असें सांगूं शकत नाहीं. तुमचा चित्रपट शाळेंत दाखविला जाईल, मुलें तें वाक्य पाठ करतील, आणि वीस वर्षांनीं तें स्मारकाच्या भिंतीवर लागेल. हा धोका अतिशयोक्तीचा नाहीं. यावर सोपा उपाय असा कीं नायकाच्या तोंडीं शक्य तितकें कमी घालावें आणि बोलणें कल्पित पात्रांकडे द्यावें: भाकरी पोंचविणारी एक बाई, निरोप्या पोरगा, तारांची देखरेख करणारा एखादा कामगार. अशीं माणसें असलीं पाहिजेत हें उघड आहे; त्यांचीं नांवें आपण ठेवलीं आहेत हें शेवटच्या पाटीवर एका ओळींत सांगितलें म्हणजे झालें.

दुसऱ्या प्रकारच्या सामग्रीविषयीं मात्र घाई केली पाहिजे. बेचाळीस सालीं जें मूल दहा वर्षांचें होतें, तें आज नव्वदीच्या पुढें गेलेलें आहे. अशीं माणसें बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत आणि त्यांच्याकडे जावयास पुढच्या वर्षींची वाट पाहतां येत नाहीं. गेल्यावर काय विचारावें? ‘आजोबा, त्या वेळीं तुम्हांला देशाबद्दल काय वाटत होतें?’ असें विचारलेंत तर आजोबा तुम्हांला पाठ्यपुस्तक ऐकवितील, कारण तुम्हांला तेंच हवें आहे असें त्यांना वाटतें. त्यापेक्षां वस्तूंविषयीं विचारावें. घरांत दिवा कशाचा होता? तांदूळ कोठें लपवीत? पोलिस आले तर कुत्रें कोणत्या बाजूनें भुंके? रात्रीं कोणी दार वाजविलें तर आई काय म्हणे? वस्तूच्या मागून प्रसंग येतो, आणि प्रसंगाच्या मागून भीति. एका बैठकींत सगळें मिळत नाहीं. दुसऱ्यांदा गेलें म्हणजे म्हातारे माणूस ‘त्या दिवशीं सांगावयाचें राहिलें’ म्हणून जें बोलतें तें बहुधा सर्वांत मोलाचें असतें. ध्वनिमुद्रण करतांना पंखा बंद करावा, दूरदर्शन बंद करावयास सांगावें, आणि मोबाइल माणसाच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवावा. आवाज खराब आला तर चित्र कितीहि सुरेख असो, तें वायां जातें. हें नभोवाणीवरून बोलणाऱ्याचें पक्षपाती मत समजा हवें तर. पण प्रेक्षक अंधुक चित्र सोसतो, अस्पष्ट शब्द सोसत नाहीं.

आणि सांगणाऱ्याची संमति लेखी घ्यावी. ती घेतांना हें चित्र कोठें दाखविलें जाणार, इंटरनेटवर जाणार कीं नाहीं, हें त्याच्या नातवंडांच्या देखत समजावून सांगावें. सही झाली म्हणजे संमति झाली असें समजूं नये; ऐकून झाल्यावर ‘हें नको रे घालूं’ असें आजी म्हणाली तर तें घालूं नये.

येथें एक नाजूक गोष्ट येते. सिद्धगडची वाट पोलिसांना कोणी दाखविली, हा प्रश्न असा चित्रपट करणाऱ्या प्रत्येक मुलाला पडतो, आणि गांवांत विचारलें तर कोणी ना कोणी नांवहि घेतें. श्रोतेहो, तें नांव चित्रपटांत येऊं देऊं नका. न्यायालयांत सिद्ध न झालेला आरोप ऐंशी वर्षांनंतर एका घराण्यावर चिकटवावयाचा, आणि त्या घराण्यांतील मूल तुमच्याच वर्गांत बसत असावें, हा इतिहास नव्हे. फितुरीचा प्रसंग नाट्याला हवाच असेल तर तो माणूस कां फितूर झाला हें दाखवा. बक्षिसाचा मोह झाला, कीं तुरुंगांतल्या भावाची सुटका हवी होती, कीं पोलिस पाटलाची नोकरी होती? आणि त्याला चेहरा न देतां नुसता आवाज द्या, पाठमोरा दाखवा. मला तर वाटतें, दहा मिनिटांत खरें नाट्य तेंच आहे. शूराचें मन आपल्याला ठाऊक असतें. भ्यालेल्याचें मन पाहावयास आपण कधीं बसत नाहीं.

पात्रांच्या भाषेचाहि विचार करावा. या भागांत आगरी, कुणबी, ठाकर, कातकरी अशी निरनिराळी वस्ती आहे आणि प्रत्येकाची बोली निराळी. मुंबईहून सुटीला आलेला विद्यार्थी संवाद लिहितो आणि दस्त्यांतला ठाकर गडी शुद्ध पुस्तकी मराठींत ‘आपण प्राणांची आहुति देऊं’ असें म्हणतो. तें ऐकून खुद्द ठाकरवाडींत हंशा पिकतो. त्या वाडींतल्याच माणसाकडून संवाद बोलवून घ्यावेत, त्यानें बदलले तर बदलूं द्यावेत, आणि खालीं प्रमाण मराठींत अक्षरें द्यावीत. रानाच्या वाटा ज्यांच्या पायांना ठाऊक होत्या, त्यांच्यावांचून घाटांतला कोणताहि दस्ता चार दिवस टिकला नसता. स्मारकांवर त्यांचीं नांवें थोडीं असतात. चित्रपटांत तरी तीं माणसें पाठीमागें ओझें वाहणारीं म्हणून उभीं राहूं नयेत.

आतां काळाच्या खुणा. यांत गंमत आहे आणि घरच्या वडील मंडळींची मदतहि होऊं शकते. बेचाळीसचा काळ म्हटला कीं मुलें धूर सोडणारें आगगाडीचें इंजिन दाखवितात. परंतु कल्याण-पुणें मार्ग १९३० च्या सुमारासच विजेवर आला होता; ‘दख्खनची राणी’ १ जून १९३० पासून विजेच्या इंजिनानेंच घाट चढत असे. नेरळहून माथेरानला जाणारी १९०७ ची छोटी गाडी मात्र वाफेवर होती. म्हणजे कोतवाल माथेरानहून खालीं उतरत असतील तर धूर चालेल. पुण्याची डाक घाटांत असेल तर चालणार नाहीं.

घड्याळाचीहि एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. युद्धामुळें १ सप्टेंबर १९४२ पासून हिंदुस्थानांतलीं सरकारी घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं, आणि तीं ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशींच राहिलीं. तेव्हां त्या काळच्या एखाद्या सरकारी कागदावर ‘सकाळीं सात’ असें आढळलें, तर तें आजचे सहा समजावे. जानेवारीच्या आरंभीं आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. म्हणजे त्या ‘सात वाजतां’ रानांत अंधारच होता. शिवाय ६ जानेवारी १९४३ ला अमावास्या होती. तेव्हां २ तारखेच्या पहाटे आकाशांत वद्य पक्षांतली कृश कोर असणार. निळ्या चांदण्यांत न्हालेला सिद्धगड हें दृश्य कितीहि मोहक असलें तरी त्या पहाटेचें नव्हे. चंद्राच्या तिथि पंचांगांत सांपडतात, त्याला खर्च लागत नाहीं.

ऋतूचें तसेंच. मनोरे पडले ते सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्यें: आरंभीं पाऊस, चिखल, उभीं भातें, नंतर कापणी आणि मळणी. सिद्धगडचा प्रसंग जानेवारींतला: खाचरांत नुसते धसकट, गवत पिंवळें, पहाटे थंडी आणि दंव. ज्याला दोन्ही दाखवावयाचीं आहेत त्यानें चित्रण दोन हंगामांत करावें. स्पर्धेची तारीख मे महिन्यांत असेल तर रखरखीत डोंगर घेऊन पावसाळा म्हणून दाखविण्यापेक्षां घरांतल्या घरांत घडणारी कथा निवडावी. रॉकेलच्या उजेडांतली एक खोली कोणत्याहि महिन्यांत सारखीच दिसते.

कागदपत्रें कोठें पाहावीं? कुलाबा जिल्ह्याचें गॅझेटियर (१९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचें नांव कुलाबा होतें) मोठ्या वाचनालयांत मिळतें. १८८३ चें जुनें आणि १९६४ चें सुधारलेलें, अशीं दोन्ही पाहावीं. गांवें, पिकें, वाटा, घाट यांची माहिती त्यांत भरपूर आहे. मुंबईस एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतींत राज्याचें पुराभिलेखागार आहे. तेथें मुंबई सरकारच्या गृहखात्याचीं कागदपत्रें आहेत. ज्या कुटुंबाचा माणूस मुंबईस नोकरीला आहे त्यानें एक दिवस रजा काढून मुलाला तेथें नेलें, तर तो दिवस चित्रपटाच्या उपयोगीं पडला नाहीं तरी वायां जाणार नाहीं. पोलिसांच्या कागदांत दस्त्यांतील लोकांना ‘गुन्हेगार’ म्हटलेलें असणार. तें वाचून चिडूं नये. शत्रूनें लिहिलेल्या कागदांतहि वेळ, अंतर आणि माणसांची संख्या हीं कामाचीं असतात.

त्या काळचें चलच्चित्र मात्र मिळण्याची आशा थोडी. याचें कारणहि ऐकण्याजोगें आहे. युद्धामुळें कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला आणि सरकारनें पूर्ण लांबीच्या चित्रपटाला ११,००० फुटांची मर्यादा घातली. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट धांवते. म्हणजे ही मर्यादा दोन तासांच्या जरा पुढें जाते. तुमचा दहा मिनिटांचा चित्रपट त्या हिशेबानें ९०० फुटांचा झाला असता. फिल्म कोणाला द्यावयाची हें सरकारच्या हातीं असल्यावर सिद्धगडच्या रानांत ती कोण नेणार? आज त्या रिकाम्या जागेवर एक नवें संकट आलें आहे. यंत्राला चार ओळी लिहून दिल्या कीं तें जुन्या काळचें वाटेल असें छायाचित्र किंवा हलतें चित्रहि करून देतें, ओरखड्यांसकट. असें चित्र खऱ्या जुन्या चित्रांच्या रांगेंत बसविणें ही खोट आहे, मग हेतु कितीहि चांगला असो. वापरावयाचेंच असेल तर तें चित्र दिसत असतांनाच त्याच्या कोपऱ्यांत ‘कृत्रिम’ असें लिहावें. शेवटच्या पाटीपर्यंत थांबूं नये. ती कोणी वाचत नाहीं.

हक्कांविषयीं थोडें. २०१२ पर्यंत आपल्या कायद्याप्रमाणें प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षें उलटलेलें छायाचित्र मुक्त होत असे. म्हणून बेचाळीसच्या वर्तमानपत्रांतलें चित्र वापरण्यास अडचण नसावी. गाण्याचें प्रकरण अधिक गुंतागुंतीचें आहे. १९४३ च्या ‘किस्मत’ चित्रपटांतलें गाणें त्या काळचें म्हणून पुष्कळांना घालावेंसें वाटतें. त्या ध्वनिमुद्रणाचीं साठ वर्षें केव्हांच झालीं. परंतु गीताचे कवि प्रदीप १९९८ सालीं वारले, आणि कवीच्या शब्दांवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. तेव्हां परवानगीवांचून तें घेऊं नये. त्याऐवजीं गांवांतल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित कराव्या. म्हणणाऱ्या बाईला तिचें नांव द्यावें आणि मानधनहि द्यावें.

सिद्धगड भीमाशंकर अभयारण्याच्या बाजूस आहे, तेव्हां चित्रणाआधीं वनखात्याला विचारावें. उडत्या कॅमेऱ्याला, म्हणजे ड्रोनला, २०२१ चे निराळे नियम आहेत. आणि विजेच्या मनोऱ्यांविषयीं तर मी आग्रहानें सांगतों. आजचे मनोरे चालू आहेत, त्यांतून त्या काळापेक्षां कितीतरी अधिक दाबाची वीज जाते. त्यांच्यावर चढणें तर नकोच, पण त्यांच्या पायाशीं लोखंडी करवत घेऊन अभिनय करणेंहि नको. पोलिसांना तो अभिनय वाटणार नाहीं. मनोऱ्याचा पाय लांकडाचा करून अंगणांत उभा करावा आणि जवळून चित्र घ्यावें. करवतीचा आवाज एवढ्यावरहि प्रेक्षकाचा श्वास रोखतां येतो.

अर्ज भरतांना नियमांचा कागद शेवटपर्यंत वाचावा. लांबींत नांवांच्या पाट्या धरल्या आहेत कीं नाहींत, हें पाहावें. तेवढ्यावरून चांगलीं चित्रें बाद होतात. चित्रपटाचे हक्क आयोजकांकडे जातात असें कलम कोठें दडलेलें नाहीं ना, हेंहि पाहावें. एखाद्या आजोबांनीं विश्वासानें सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या मालकीची करावयाचा आपल्याला अधिकार नाहीं. सार्वजनिक प्रयोगाला प्रमाणपत्र लागतें किंवा महोत्सव म्हणून सूट घ्यावी लागते. ती व्यवस्था कोणी केली आहे हें आयोजकांना विचारण्यांत संकोच नसावा.

परीक्षकांकडे पाठविण्याआधीं चित्रपट एकदां त्या गांवांत दाखवावा, एवढें मात्र मी सुचवीन. भिंतीवर पांढरी चादर लावावी आणि ज्यांनीं माहिती दिली त्यांना पुढें बसवावें. ‘आमच्या म्हाताऱ्याला तुम्ही असा दाखविलात?’ असें कोणी विचारलें तर उत्तर तुमच्याकडे असलें पाहिजे, किंवा ती दृश्यें कापण्याची तयारी पाहिजे. कापून उरलेलें सगळें मुद्रण, विशेषतः म्हाताऱ्यांचीं सबंध बोलणीं, एका डिस्कवर घालून गांवच्या शाळेकडे किंवा वाचनालयाकडे द्यावीं. तारीख, गांव आणि बोलणाऱ्याचें वय लिहून. दहा मिनिटांच्या चित्रपटासाठीं दहा तास बोलणें घेतलेलें असतें, आणि स्पर्धा संपली कीं तें मोबाइलमधून पुसलें जातें. हें मीं पाहिलें आहे.

दरवर्षीं २ जानेवारीला सिद्धगडावर लोक जमतात आणि त्या दोघांना अभिवादन करतात. ज्यांना तेथें चित्रण करावयाचें आहे त्यांनीं तो दिवस टाळून डिसेंबरांतच एकदां जावें. वाट पाहून ठेवावी, उजेड कोठून येतो तें पाहावें, एक रात्र पायथ्याच्या गांवीं काढावी. आणि २ तारखेला जावें तें कॅमेरा पिशवींत ठेवून.